वाड्याचा गट, घरचा फोन: खासगीपण, लक्ष आणि बोलण्याची रीत कशी सांभाळावी

गोव्यात अनोळखी माणूस फार काळ अनोळखी राहत नाही. फोटोच्या कोपऱ्यात देवळाची दीपमाळ दिसली की गाव कळतं. आडनाव आणि कुलदैवत कळलं की घरही कळतं. २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. एवढ्याशा प्रदेशात फोनवर सुटलेली गोष्ट फोनवर राहत नाही. ती म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, फोंड्याच्या बसमध्ये, देवळाच्या सभामंडपात पोहोचते आणि पुढच्या जत्रेपर्यंत लोकांच्या तोंडी असते. मोठ्या शहरातल्या अनोळखी गर्दीला समोर ठेवून लिहिलेल्या सूचना आपल्याला पुऱ्या पडत नाहीत त्या यामुळे.

खासगीपण, लक्ष आणि सभ्यता हे तीन वेगळे विषय आहेत असं आपण धरून चालतो. रोजच्या व्यवहारात ते एकाच ओळीत येतात. घाईत वाचणारा घाईत पुढे पाठवतो. पाठवलेल्या मजकुरात कुणाचा तरी नंबर, कुणाचा तरी फोटो असतो. ज्याचा असतो तो दुखावतो आणि त्याच सुरात उत्तर देतो. म्हणून खालचं काम फोनच्या सेटिंगपासून सुरू होऊन गटातल्या बोलण्यापर्यंत जातं. एका संध्याकाळी सगळं होणार नाही. पहिल्या दोन पायऱ्या मात्र एका संध्याकाळी होतात.

पहिली पायरी: फोन काय काय बघतो ते पाहा

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, घर भरलेलं असतं. मुंबई-पुण्याहून, आखातातून पोरं आलेली असतात. या कामाला तो मुहूर्त चांगला, कारण वयस्क माणसांचे फोन त्यांच्या शेजारी बसूनच नीट करता येतात. त्यांच्या हातातून फोन काढून घेऊ नका. "आजी, आता हे दाब, मी सांगतो" असं करा. स्वतः दाबलेलं बटण तिला पुढच्या वेळी सापडतं. नातवाने दाबलेलं सापडत नाही.

अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली परमिशन मॅनेजर असतो. आयफोनमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी. तिथे लोकेशन, मायक्रोफोन, कॅमेरा आणि कॉन्टॅक्ट्स या चार यादींवरून हात फिरवा. लोकेशनला "ॲप वापरत असतानाच" एवढीच मुभा ठेवा. हवामानाच्या ॲपला तालुका कळला तरी पुरे, अंगण कळायची गरज नाही; त्यासाठी "अचूक लोकेशन" बंद करता येतं. कर्ज देणाऱ्या, खेळांच्या, फोटो सजवणाऱ्या ॲपना कॉन्टॅक्ट्स देऊ नका. त्या यादीत तुमची माहिती थोडी आणि इतरांची जास्त असते. मावशीचा नंबर देऊन टाकण्याचा हक्क आपल्याला कुणी दिलेला नाही. महिन्यानुमहिने न उघडलेली ॲप काढूनच टाका.

दुसरी पायरी: व्हॉट्सॲपची दारं

सेटिंग्जमधल्या प्रायव्हसीत जा. "ग्रुप्स" म्हणजे तुम्हाला गटात कोण घालू शकतं. तिथे "एव्हरीवन"च्या जागी "माय कॉन्टॅक्ट्स" करा. शेअर बाजारातल्या फसव्या गटांत माणसं ओढली जातात ती याच उघड्या दारातून. प्रोफाइल फोटो, लास्ट सीन आणि स्टेटस फक्त ओळखीच्यांना दिसेल असं ठेवा. "कॉल्स"मध्ये अनोळखी नंबरांचे कॉल मूक करण्याची सोय आहे, ती चालू करा. पोलिसांच्या वेशात व्हिडिओ कॉल करून "तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे" असं धमकावणाऱ्यांचा बराच त्रास तिथेच थांबतो. अशी अटक कायद्यात नाही. कुठलाही अधिकारी व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि पैसे मागत नाही. आजी-आजोबांना हे एकदा सांगून भागत नाही, पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

मग अकाउंटमधलं टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून सहा आकडी पिन ठेवा. जन्मसाल नको, गावात ते सगळ्यांना ठाऊक असतं. "लिंक्ड डिव्हायसेस" उघडा आणि ओळखीचा नसलेला संगणक दिसला तर लॉग आउट करा. छपाईच्या दुकानात कागद काढताना जोडलेलं व्हॉट्सॲप तिथे तसंच उघडं राहिलेलं असू शकतं.

व्हॉट्सॲपचे संदेश पाठवणारा आणि घेणारा यांच्याशिवाय मधल्या कुणाला वाचता येत नाहीत, हे खरं. पण कोण कुणाशी कधी बोललं ही नोंद कंपनीकडे राहू शकते, आणि गटात टाकलेला मजकूर गटातल्या प्रत्येकाच्या फोनवर उघडाच असतो. एका गटात १०२४ माणसं मावतात. दोनशे माणसांपुढे बोललेली गोष्ट खासगी कशी राहील? आणि लग्नाच्या हंगामात एक खूणगाठ हवी: पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. नावाच्या शेवटी "एपीके" असलेली फाइल म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल; ती पत्रिका नव्हे आणि वाहतुकीचं चलनही नव्हे. ती उघडू नका. भावाच्या नंबरावरून आली असेल तर आधी त्यालाच फोन करा, कदाचित त्याचा फोन दुसऱ्याच्या ताब्यात गेला असेल.

तिसरी पायरी: फोटो आणि कागद

पणजी, मडगाव, वास्कोतले फ्लॅट बंद करून माणसं चवथीला मूळ घरी जातात. माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर बांधलेल्या फळापानांच्या चौकटीचा, फोटो त्याच क्षणी सगळ्यांना दिसेल असा टाकला, तर शहरातलं घर रिकामं असल्याची वर्दी जाते. फोटो जरूर काढा, माटोळी आहेच तशी. टाका मात्र परत गेल्यावर, किंवा आपल्या माणसांपुरता. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर त्यात दडलेली जागेची नोंद सहसा निघून जाते, "डॉक्युमेंट" म्हणून पाठवला तर राहते.

मुलांच्या फोटोत गणवेश, शाळेचं नाव, बसचा नंबर दिसू देऊ नका. मूल कळत्या वयाचं असेल तर त्याला विचारा. दुसऱ्याचं मूल असेल तर त्याच्या आईबाबांना विचारा. पणजीच्या फोंताईनासमध्ये रहिवाशांना आपल्याच दारात फोटो काढू नका अशा पाट्या लावाव्या लागल्या. आपल्या ओसरीवर दुसऱ्याचा कॅमेरा नको वाटतो, तसाच आपला कॅमेरा दुसऱ्याच्या ओसरीवर नको.

आधार कार्डाचा फोटो आपण फार सहज देतो: सिमच्या दुकानात, भाड्याच्या खोलीसाठी, हॉटेलच्या काउंटरवर. आधार देणाऱ्या यूआयडीएआय या संस्थेच्या संकेतस्थळावरून "मास्क्ड आधार" उतरवून घेता येतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. जिथे चालत असेल तिथे तेच द्या. झेरॉक्सवर कुणाला, कशासाठी आणि कधी दिली ते पेनाने आडवं लिहा. बोटांचे ठसे आधारच्या ॲपमधून लॉक करून ठेवता येतात आणि लागतील तेव्हा उघडता येतात.

गोव्यात बहुतेक गावांत कुणी ना कुणी खोली भाड्याने देतं किंवा पाहुणे उतरवतं. म्हणजे इतरांचे कागद आपल्याकडेही येतात. पासपोर्ट, आधार आणि भाडेकरूंच्या पडताळणीचे अर्ज घरच्या गटात किंवा फोनच्या गॅलरीत पडू देऊ नका. कामापुरती एक प्रत कुलपात ठेवा आणि फोनमधली नोंद झाल्यावर काढा. सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. या कायद्यातली एक गोष्ट माहीत असू द्या: घरगुती, वैयक्तिक कारणासाठी माणसाने हाताळलेल्या माहितीला तो लागू नाही. काकांनी पुतणीचा नंबर गटात टाकला तर हा कायदा मदतीला येणार नाही. तिथे घरानेच रीत घालून द्यायला हवी. धंद्यासाठी पाहुण्यांचे कागद ठेवणाऱ्याला मात्र ही सूट नाही.

चौथी पायरी: लक्ष परत मिळवा

कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ग्लोरिया मार्क यांनी माणूस पडद्यावर एका गोष्टीवर किती वेळ टिकतो हे वर्षानुवर्षं मोजलं. २००४ च्या सुमारास सरासरी अडीच मिनिटं होती; अलीकडच्या मोजणीत ती ४७ सेकंदांवर आली. यात वाचणाऱ्याचा आळस शोधू नये. संपतच नाही अशी सरकणारी यादी, आपोआप सुरू होणारा पुढचा व्हिडिओ, लाल ठिपका, या सगळ्या गोष्टी माणूस तिथेच थांबावा म्हणून बनवलेल्या आहेत. त्यांच्याशी रोज मनाने झुंजण्यापेक्षा त्या बंद करणं सोपं.

नोटिफिकेशन्समध्ये जाऊन सगळं बंद करा आणि मग फोन, एसएमएस, बँक एवढंच परत चालू करा. व्हॉट्सॲप चालू ठेवायचं असेल तर एकेका माणसाचे संदेश वाजू द्या, गट "ऑलवेज" म्यूट करा. गट म्यूट केल्याचं कुणाला कळत नाही आणि कुणाचा अपमान होत नाही. गट सोडला तरी त्याची सूचना आता फक्त ॲडमिनना जाते, हे पुष्कळांना माहीत नाही. केवळ भिडेखातर माणसं नको त्या गटात वर्षानुवर्षं राहतात. यूट्यूबमधलं ऑटोप्ले बंद करा. अँड्रॉइडच्या डिजिटल वेलबीइंगमध्ये आणि आयफोनच्या स्क्रीन टाइममध्ये रील्सच्या ॲपला रोजची मर्यादा घालता येते.

यापुढचं काम घराचं आहे. रात्री फोन चार्जिंगला लावायची जागा दिवाणखान्यात ठरवा, झोपायच्या खोलीत नको. गजरासाठी साधं घड्याळ आणा. जेवताना फोन नको हा नियम मुलांना लावायचा तर बाबांच्या ऑफिसच्या फोनलाही तो लागू हवा, नाहीतर दोन दिवसांत मोडतो. आरतीला घुमट हे मातीचं वाद्य वाजत असताना प्रत्येकाने रेकॉर्डिंग करायची गरज नसते. एकाने करावं आणि नंतर सगळ्यांना द्यावं, बाकीच्यांचे हात टाळ्यांना मोकळे राहतात.

पाचवी पायरी: गटाची रीत ठरवा

एकेका माणसाच्या नावावर किती गट असतात पाहा: वाड्याचा म्हणजे गावातल्या आपल्या वस्तीचा, देवस्थानच्या महाजनांचा, पंचायतीच्या प्रभागाचा, शाळेच्या पालकांचा, भजनी मंडळाचा, नाटकमंडळीचा. प्रत्येकात आपला नंबर सगळ्यांना दिसतो. पालकांच्या गटातून नंबर घेऊन बाईमाणसाला रात्री-अपरात्री संदेश पाठवणारे असतात, आणि ती बोलत नाही कारण पाठवणाऱ्याचं घर चार दारं सोडून असतं. जिथे फक्त सूचना द्यायच्या आहेत, उदाहरणार्थ उत्सवाचा कार्यक्रम, पाणी बंद, ग्रामसभेची तारीख, तिथे गटाऐवजी चॅनेल काढा. चॅनेलमध्ये सदस्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत आणि वादही होत नाही.

चर्चेचा गट ठेवायचाच असेल तर दोन-तीन ॲडमिन नेमा. त्यात एक बाई असावी आणि सगळे एकाच पक्षाचे किंवा एकाच भावकीचे नसावेत. भांडण पेटण्याच्या आधी, शांत दिवशी, नियम गटाच्या वर्णनात लिहा. असे काही:

"हा गट वाड्याच्या कामांसाठी आहे. कुणाचाही नंबर, आधार, आजारपण विचारल्याशिवाय इथे टाकू नये. अपघाताचे आणि मयताचे फोटो टाकू नयेत. माणसाविषयी तक्रार असेल तर आधी त्याला फोन करावा. रात्री दहानंतर फक्त तातडीचं. नियम मोडलेला संदेश ॲडमिन काढून टाकतील आणि का काढला ते त्या व्यक्तीला खासगीत सांगतील."

शेवटचं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं आहे. ॲडमिनला कुणाचाही संदेश सगळ्यांसाठी पुसता येतो. पुसून गप्प बसला तर ज्याचा पुसला त्याला तो राग ग्रामसभेपर्यंत पुरतो. दोन मिनिटांचा फोन केला तर बहुतेक वेळा प्रकरण तिथेच मिटतं.

सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही, त्यात त्याचाही समान हेतू असल्याचं दिसायला हवं, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली म्हटलं आहे. त्यामुळे भीतीपोटी गट बंद करायची गरज नाही. पण कायद्याने वाचलो म्हणून डोळे मिटून बसणंही बरं नव्हे.

अपघाताच्या फोटोंविषयी थोडं अधिक लिहायला हवं. महामार्गावर दुचाकी पडते आणि रुग्णवाहिकेच्या आधी फोटो निघतो. स्कूटरचा नंबर दिसतो, कुणीतरी ओळखतो, नाव फिरतं. घरी आई स्वयंपाक करत असते आणि तिला ही बातमी शेजारणीच्या फोनवर दिसते. काही वेळा नाव चुकीचं असतं आणि एका जिवंत मुलाचं घर तासभर आक्रोश करतं. इतकं वाईट आपण एकमेकांशी वागतो, आणि ते चांगुलपणाच्या भावनेने, "सगळ्यांना कळावं" म्हणून. नियम एकच ठेवा: घरच्यांना कळल्याची खात्री होईपर्यंत नाव नाही, फोटो कधीच नाही. मदत करायची असेल तर ११२ किंवा १०८ लावा.

खरं-खोटं तपासायला गाव लहान असण्याचा मोठा उपयोग होतो. "अमुक गावात मुलं पळवणारी टोळी आली आहे" असा संदेश आला तर त्या गावात आपलं कुणीतरी असतंच. एक फोन करा. संदेशावर दोन बाण आणि अनेकदा फॉरवर्ड झाल्याची खूण असेल तर तो पाच किंवा अधिक हातांतून आलेला असतो. एप्रिल २०२० पासून असा संदेश एका वेळी एकाच चॅटला पुढे पाठवता येतो. तो अडथळा तपासून पाहण्यासाठीच आहे. मोठ्यांना गटात खोटं पाडू नका. खासगीत लिहा: "काका, तुम्ही पाठवलेलं मी विचारून घेतलं, ते जुनं निघालं. गटात तुम्हीच सांगाल का?" काका बहुधा सांगतात, आणि त्यांचा मानही राहतो.

सहावी पायरी: भाषेचा वाद आला की

मराठी-कोकणीचा विषय निघाला की चांगली शिकलेली माणसंही जी भाषा वापरतात ती त्यांच्या घरात चालणार नाही. "घाटी", "भायले" (बाहेरचे), कुणाच्या आडनावावरून, कुणाच्या धर्मावरून. वाद जुना आहे. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही यावर १९६७ चा जनमत कौल झाला, १९८७ चा राजभाषा कायदा झाला. देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीला शासकीय कामकाजात वापराची जागा मिळाली. मराठीसाठी आग्रह धरणं हा आपला हक्क आहे, मी तो धरते. पण एकाच घरात बोलणं कोकणीत, कीर्तन मराठीत आणि सरकारी अर्ज इंग्रजीत चालतो, तिथे शेजाऱ्याला शत्रू ठरवून मराठीचं काय भलं होणार?

न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये ट्विटरवरचे पाच लाखांहून अधिक संदेश तपासले. नैतिक आणि भावनिक छटेचा एकेक शब्द वाढला की संदेशाचा प्रसार सुमारे वीस टक्क्यांनी वाढत होता. पण तो वाढत होता मुख्यतः आपल्याच बाजूच्या लोकांत. म्हणजे कडवट टिप्पणीवर पडलेले शंभर अंगठे आपल्याच माणसांचे असतात. समोरच्या बाजूचा एकही माणूस त्याने हललेला नसतो.

उत्तर द्यावंसं वाटलं तर आधी समोरच्याने नेमकं काय म्हटलं ते त्याला मान्य होईल अशा शब्दांत एका ओळीत लिहा. मग आपला मुद्दा, एकच, आणि त्याला आधार असलेला: कुठलं कलम, कुठल्या शाळेचा प्रश्न, कुठला अर्ज मराठीत नाकारला गेला. जात, धर्म, आडनाव, कुटुंब, उच्चार यांना हात लावायचा नाही. लिहिलेलं लगेच न पाठवता नोट्समध्ये ठेवा, सकाळी वाचा. व्हॉट्सॲपवर पाठवलेला संदेश पंधरा मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो आणि साधारण अडीच दिवसांपर्यंत सगळ्यांसाठी पुसता येतो. स्क्रीनशॉट मात्र कुणाला पुसता येत नाही. दोन उत्तरांनंतर पुढे गेलं नाही तर "भेटून बोलू" म्हणा आणि खरोखर भेटा. पणजीहून काणकोणला जाऊन संध्याकाळी परत येता येतं, एवढं आपलं राज्य आहे.

धर्म, जन्मस्थान, निवास किंवा भाषा यांच्या आधारावर गटागटांत वैर पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. एखादी टिप्पणी त्या पातळीला गेली तर तिला उत्तर देऊ नका, रिपोर्ट करा.

सातवी पायरी: घडल्यावर काय करायचं

पैसे गेले असतील तर त्या मिनिटाला १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, मग बँकेला. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात सरकत असतात, ते गोठवायचे तर वेळ फार थोडा असतो. लेखी तक्रार सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर करता येते. रायबंदरला सायबर गुन्ह्यांचं पोलीस ठाणं आहे आणि जवळच्या कुठल्याही ठाण्यावर तक्रार देता येते.

खोटं प्रोफाइल, धमक्या किंवा पाठलाग असेल तर ब्लॉक करण्याआधी पुरावा घ्या: तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट, प्रोफाइलची पूर्ण लिंक, नंबर. चॅट पुसू नका, फोन रीसेट करू नका. खासगी फोटो पसरवण्याची धमकी असेल तर पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढते. स्टॉपएनसीआयआय डॉट ऑर्ग या सेवेत फोटो आपल्या फोनवरच राहतो, फक्त त्याचा सांकेतिक ठसा भाग घेणाऱ्या कंपन्यांकडे जातो आणि त्यांना तो फोटो अडवता येतो. ती १८ वर्षांवरच्यांसाठी आहे. मुलांचा फोटो असेल तर पुरावा म्हणूनही त्याची प्रत काढू नका, पुढे पाठवू नका. लिंक कागदावर लिहून पोलिसांकडे जा आणि १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन लावा. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने दाद दिली नाही तर त्यावर ३० दिवसांच्या आत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं.

आपल्याकडे बऱ्याचदा करणारा ओळखीचा निघतो. मग दोन्ही घरचे बसतात, कुणीतरी पंच किंवा मामा मध्ये पडतो आणि "पोरगा आहे, चुकला, मिटवा" म्हणतो. मिटवायचं की नाही हे जिच्याबाबत घडलं तिने ठरवायचं, मामाने नव्हे. त्या बैठकीला जाण्याआधी स्क्रीनशॉटची एक प्रत तिच्या विश्वासातल्या दुसऱ्या माणसाकडे ठेवलेली असावी आणि तक्रारीचा क्रमांक तिच्या हातात असावा. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे. तिथे नाव गावात न फुटता आधी नुसतं विचारताही येतं.